मापाड्याची लेक

शिवकांताअक्का गेल्याचं मला चार दिवसांनी कळलं. मी मुखेडला भाचीकडं बारशाला गेले होते. आत बायकांचा गलका, पाळणा म्हणणं चाललेलं, आणि फोनवर अक्कांचा मुलगा महेश सांगत होता, "मावशी, आई लिंगैक्य झाली. सोमवारी पहाटे. झोपेतच." मी "बरं" म्हणाले. असं का म्हणाले, ते आजही सांगता येणार नाही. तो पुढं म्हणाला, "तुम्हाला कळवायला उशीर झाला. आईच्या फोनमध्ये तुमचं नाव शोधून राहिलो होतो, सापडेना. तिनं 'कपाट सुमन' असं लिहून ठेवलं होतं..." फोन ठेवला आणि आत येऊन बसले. कुणीतरी हातात घुगऱ्यांची वाटी दिली. त्या मी सगळ्या खाल्ल्या.

आमची ओळख कपाटाचीच होती, हे खरं. नांदेडात एका संस्थेचं छोटं वस्तुसंग्रहालय होतं. तीन खोल्या, एक व्हरांडा, सात काचेची कपाटं. तिथं मी एकवीस वर्षं नोंदवही सांभाळली. आलेल्या वस्तूचं वर्णन लिहायचं, तिला क्रमांक द्यायचा, चिठ्ठी लावायची, वर्षातून एकदा सगळं पडताळून पाहायचं. मोठं काम नव्हे. पण वहीत माझं अक्षर असायचं आणि माझा त्या अक्षरावर विश्वास होता.

अक्का पहिल्यांदा आल्या तेव्हा साठीच्या आसपास असतील. ठेंगण्या, सावळ्या, कपाळाला भस्माची बोटं, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. काखेत जुन्या लुगड्यात बांधलेलं काहीतरी जड होतं. ते टेबलावर ठेवून त्यांनी गाठ सोडली. आत धान्य मोजायचं पायलीचं माप होतं. सागवानी, लोखंडी पट्ट्या मारलेलं. तशी मापं आमच्याकडं आधीही आली होती, पण हे वापरून वापरून काळंभोर, तुळतुळीत झालेलं, आणि कडेला एके ठिकाणी खोलगट झिजलेलं. अंगठा बसेल एवढंच. मी वर्णनात तसं लिहिलं आणि देणाऱ्याचं नाव विचारलं.

"नाव नका टाकू बाई," त्या म्हणाल्या. "उदगीर मोंढा, एवढंच लिवा."

"पण कुणाचं होतं?"

"मोंढ्यातलंच होतं की."

मी तसंच लिहिलं. या "मोंढ्यातलं"मागं काय होतं ते कळायला मला तीन वर्षं लागली. अक्कांचे वडील उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मापाडी होते. शेतकऱ्याचा माल आला की आडत्याच्या दुकानापुढं बसून तो मापानं मोजून द्यायचा, हे त्यांचं काम. पुढं काटे आले, किलो आले, तरी शेवटपर्यंत काही म्हातारे शेतकरी त्यांच्याकडूनच एकदा मोजून घेत आणि मगच काट्यावर विश्वास ठेवत. अक्कांचं लग्न नांदेडच्या कापड दुकानदारांच्या घरात झालं. जात एक, पण पायरी वेगळी. लग्नानंतर आठ दिवसांतच सासूबाईंनी बजावलं, "इथं कुणी इचारलं, वडील काय करतात, तर म्हणायचं मोंढ्यात असतात." खोटं काही नव्हतं त्यात. आडत्याही मोंढ्यात असतो आणि मापाडीही. ऐकणारा आपल्या मनानं आडत्या समजायचा. अक्का चाळीस वर्षं तेच म्हणत आल्या. मुलांनाही तेच सांगितलं. वडील गेल्यावर बहिणींनी घर आवरलं, माप भंगारात निघालं होतं, ते यांनी उचललं. पण न्यायचं कुठं? सासरी दसऱ्याला दुकानातल्या कापड मोजायच्या लोखंडी गजाची पूजा होते. त्याच्याशेजारी हे माप मांडायची सोय नव्हती. म्हणून आमचं कपाट.

माप दिलं त्याच वर्षी दसऱ्याला त्या पुन्हा आल्या. सुट्टीच होती, पण खंडेनवमीला राहिलेली ऑफिसची पूजा करायला मी तेवढ्यापुरती किल्ली घेऊन गेले होते. टाइपरायटर, स्टेपलर, नोंदवही, पाण्याची मोटार, सगळ्यांना हळदकुंकू लावून झालं होतं. फाटकाशी अक्का उभ्या. हातात ताट, ताटात झेंडूची फुलं, आपट्याची पानं, विभूती. गुरुद्वाऱ्याकडच्या मिरवणुकीनं रस्ते बंद झाले होते, म्हणून चालत आल्या होत्या. "बाई, पाच मिनिटं कपाट उघडता का?" मी नियम सांगितला. वस्तूला हात लावायचा नाही, कुंकू तर नाहीच. त्या ऐकून घेत होत्या आणि ताट काही खाली करत नव्हत्या. शेवटी मी कपाट उघडलं. त्यांनी काचेच्या आतल्या फळीला कुंकू लावलं, मापाला नाही. माझा नियमही राहिला. जाताना मला सोनं दिलं. घरी त्यांनी "संग्रहालयातल्या बाईंना सोनं द्यायला जाते" असं सांगितलं होतं, तेवढंही खोटं पडू नये म्हणून.

पुढं दर दसऱ्याला हेच. पूजा झाली की व्हरांड्यात आम्ही चहा प्यायचो. बोलणं फार व्हायचं नाही. त्या दुकानातल्या गिऱ्हाइकांबद्दल सांगायच्या, मी पावसाळ्यात गळणाऱ्या तिसऱ्या खोलीबद्दल. वर्षातून एक तास. त्याला मैत्री म्हणावं का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता.

मग माझ्या हातून ती चूक झाली. लातूरच्या एका कॉलेजात जुन्या शेती-अवजारांचं प्रदर्शन भरलं होतं. ठिकठिकाणांहून वस्तू मागवल्या, आम्हीही बारा दिल्या. त्यात अक्कांचं माप होतं. प्रदर्शन संपल्यावर टेम्पोतून बारा वस्तू परत आल्या. मी मोजल्या, बारा भरल्या, सही केली. पोत्यात गुंडाळलेल्या वस्तू सोडून पाहिल्या त्या आठ दिवसांनी. माप होतं, पण ते नव्हतं. सागवानीच, पट्ट्याही तशाच, पण रंग फिकट आणि कड सगळीकडून सारखी. अंगठा ठेवायला कुठं जागा नाही. मी लातूरला दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. वरिष्ठांना सांगितलं तर ते म्हणाले, "माप ते माप. चिठ्ठीवर नाव तरी आहे का कुणाचं?" नव्हतं. मी ते माप त्याच जागी ठेवलं, चिठ्ठी तीच, "उदगीर मोंढा". दसऱ्याला अक्का आल्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत तोवर मोतीबिंदू उतरला होता. फळीला कुंकू लावून, मापाकडं तोंड करून त्या हळू आवाजात काहीबाही पुटपुटल्या. मी बाजूला उभी होते. सांगितलं नाही. पुढच्या दसऱ्यालाही सांगितलं नाही. दरवेळी वाटायचं, लातूरहून उत्तर येईल, माप बदलून घेऊ, मग सांगू... आणि न सांगितलेली गोष्ट एक वर्ष जुनी झाली की सांगणं दुप्पट अवघड होतं.

तिसऱ्या वर्षी श्रावणात त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. दसऱ्याला सकाळी साडेदहालाच त्या आल्या. एरवी यायच्या संध्याकाळी. नवा चष्मा, नवी इरकल, चेहऱ्यावर असा आनंद की मला त्यांच्याकडं पाहवेना. "आवंदा डोळे आले," त्या म्हणाल्या. "आज आप्पाचं माप नीट बघते." मी कपाटासमोर आडवी उभी राहिले, किल्ली मुठीत धरून, आणि सगळं सांगून टाकलं. टेम्पो, सही, पत्रं, दोन दसरे. काही वगळलं नाही. वगळण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

अक्का स्टुलावर बसल्या. बराच वेळ त्या ताटातली फुलं एका बाजूला सारत होत्या, पुन्हा दुसऱ्या बाजूला. मग म्हणाल्या, "म्हणजे दोन वर्षं मी कुणाच्या मापाला बोलून राहिले होते?"

"माहीत नाही, अक्का."

"आणि तुम्ही शेजारी उभ्या होत्या."

"हाव."

"ऐकून घेत होत्या."

त्या उठल्या. मला वाटलं, आता या बाई पुन्हा दिसायच्या नाहीत. पण त्यांनी ताटावर पदर टाकला आणि विचारलं, "लातूरची गाडी किती वाजता हाय?"

सणाच्या दिवशी आम्ही दोघी, सांगून-सवरून न निघालेल्या, अकराच्या लातूर गाडीत चढलो. माझ्या घरी पुरणाचा घाट घातलेला, बहीण-मेहुणे जेवायला येणार होते. मी फोन करून एवढंच म्हटलं, ऑफिसचं काम निघालंय. गाडी खच्चून भरलेली. पांढरी लुगडी नेसलेल्या बाया, पांढरे सदरे घातलेले पुरुष गावागावातल्या बुद्धविहारांकडं निघालेले, माहेरवाशिणी, शेवंतीच्या टोपल्या. एका पांढऱ्या साडीतल्या मुलीनं अक्कांना जागा दिली. मी दांडीला धरून उभी. लोहा गेलं, माळाकोळी गेली, अक्कांचं तोंड खिडकीकडंच. बाहेर सोयाबीनचे ढीग दिसत होते, मळणीयंत्रांची धूळ उडत होती. मध्येच त्यांचा फोन वाजला. महेशच असणार, कारण त्या म्हणाल्या, "लातूरला चालले... हाव, आजच... आप्पाला भेटायला." तिकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही. आप्पांना जाऊन तेव्हा कैक वर्षं झाली होती. अक्कांनी फोन पिशवीत टाकला. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा त्या पहिल्यांदा माझ्याकडं वळल्या, "उभं राहून पाय दुखतेत का?" मी नाही म्हटलं. "दुखू द्या," त्या म्हणाल्या. आणि पिशवीतून दशमी काढून अर्धी माझ्या हातावर ठेवली.

लातूरला उतरलो तेव्हा दुपार कलली होती. शहर सणात होतं. चौकाचौकांत आपट्याच्या फांद्यांचे ढीग, झेंडूची तोरणं, नव्या मोटारसायकलींना घातलेले हार, नवे कपडे घातलेली पोरं. रिक्षावाल्यानंही आधी सोनं दिलं आणि मग विचारलं कुठं जायचं. कॉलेज अर्थातच बंद. पण शिपाई घंटेची आणि प्रयोगशाळेच्या दाराची पूजा करायला आलेला होता. मी ओळख सांगितली, पत्रांसाठी काढलेली नोंदवहीच्या पानाची झेरॉक्स दाखवली. त्यानं वस्तुसंग्रहाची खोली उघडून दिली. एका भिंतीला तलवारी, एका पेटीत नाणी, कोपऱ्यात नाक तुटलेली एक मूर्ती, तिच्याही पायाशी आज कुणीतरी फूल ठेवलेलं. अक्का एकेक फळी नव्या डोळ्यांनी पाहत गेल्या. माप नव्हतं. "प्रदर्शनातला ज्याचा मालक सापडला न्हाई तो माल मठपती सरांकडं गेला," शिपाई म्हणाला. "सरांनी त्यांच्या प्लॉटवर जुनं गाव केलंय ना. आज उघडंच आसतंय. लोक सोनं वाटून झालं की लेकरं घेऊन तिकडंच जातेत."

मठपती सर म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक. शहराच्या टोकाला स्वतःच्या जागेत त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये जुनं गाव उभं केलं होतं. प्लास्टरची माणसं, त्यांच्या हातात खरी अवजारं. लोहाराचा भाता, सुताराचा वाकस, देवणी बैलजोडी, तिच्या गळ्यात खऱ्या घुंगुरमाळा. आम्ही पोचलो तेव्हा दिवे लागत होते. शेडमध्ये जत्रेसारखी गर्दी. लांब कुठंतरी रावण जाळायच्या मैदानावरून भोंग्याचा आवाज येत होता, आणि लेकरं "चला ना, चला ना" करत आयांचे पदर ओढत होती. तिसऱ्या की चौथ्या देखाव्यात मोंढा होता. ज्वारीची रास, राशीपुढं फेटा बांधलेला, मांडी घालून बसलेला प्लास्टरचा मापाडी, आणि त्याच्या दोन्ही हातांत तारेनं बांधलेलं माप.

मला ते लांबून ओळखू आलं नसतं. अक्का मात्र दारातच थांबल्या. पायातल्या चपला काढल्या. मग गर्दीतून वाट काढत गेल्या आणि देखाव्यापुढची दोरी वर करून सरळ आत शिरल्या. "आजी, आजी, हात लावू नका," म्हणत मठपती सर धावत आले. अक्कांनी मापाच्या कडेवरून हात फिरवला. एका जागी अंगठा थांबला. तिथंच ठेवून त्या उभ्या राहिल्या. सर माझ्याकडं पाहायला लागले. मी झेरॉक्स पुढं केली, वर्णनाच्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली.

अक्का वळल्या त्या मात्र भलत्याच गोष्टीवर बोलायला. "सर, ह्यो चुकीचा बसलाय."

"कोण?"

"ह्यो तुमचा मापाडी. मापाडी मांडी घालत न्हाई. एक गुडघा खाली, एक वर. मांडी घातली तर कमरेतून वाकता येत न्हाई. आणि कड उलटी धरलीय त्यानं. झिजलेली बाजू उजव्या अंगठ्याकडं पायजे."

दोरीपलीकडं बायका, लेकरं गोळा झाली होती. त्यातल्या एका बाईनं सहज विचारलं, "आजी, तुमाला कसं म्हाईत?"

अक्कांनी त्या बाईकडं पाहिलं. तेवढ्यात मी मनात त्यांच्यासाठी उत्तर तयार केलं होतं. "आमचे वडील मोंढ्यात होते." चाळीस वर्षं चाललेलं, पाठ असलेलं वाक्य. तेच येणार असं मी धरून चालले होते. अक्कांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "ह्ये माप माझ्या आप्पाचं हाय. माझे आप्पा मापाडी होते. उदगीरच्या मोंढ्यात. बसप्पा मापाडी."

कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. त्या बाईनं "आसं होय" म्हटलं आणि कडेवरच्या लेकराला राशीकडं बोट करून दाखवलं. अक्कांच्या मात्र कपाळावर घाम आला होता. सरांनी पक्कड आणली, प्लास्टरच्या हातांभोवतीच्या तारा तोडल्या आणि माप काढून त्यांच्या हातात दिलं. त्या राशीपुढं बसल्या. एक गुडघा खाली, एक वर. ऑपरेशन डोळ्यांचं झालं होतं, गुडघे जुनेच होते. बसताना तोंडातून "शिवा शिवा" निघालं. माप राशीत खुपसलं, हाताच्या एका ओढीनं भरलं, वर दाण्यांची शीग चढवली आणि पोत्यावर पालथं केलं. "लाभ!" एक म्हणायचं नसतं, पहिलं माप लाभाचं. "दोन... हो दोन. तीन... हो तीन." आवाज त्यांचा राहिला नव्हता. खर्जातला, लांबवलेला, पुरुषी आवाज. शीग प्रत्येक वेळी तेवढीच, दाणा बाहेर सांडत नव्हता. मी नोंदवहीत "धान्य मोजण्याचे माप" असं कितीदा तरी लिहिलं असेल. मोजताना ते पहिल्यांदाच पाहत होते. अकरापर्यंत मोजून त्या थांबल्या, दम लागला होता. एक पोरगी ओरडली, "आजी, अजून!" तेवढ्यात तिकडं मैदानावर फटाके सुरू झाले आणि सगळी लेकरं रावण बघायला पळाली. शेडमध्ये आम्ही तिघंच उरलो.

खुलासा सोपा निघाला. सरांचं स्वतःचंही एक माप त्या प्रदर्शनात होतं, तेच नांदेडला आलेलं. बांधाबांध करणाऱ्यानं अदलाबदल केली होती. पत्रं कॉलेजात पडून राहिली, सरांपर्यंत ती पोचलीच नव्हती. मी म्हटलं, "आठ दिवसांत संस्थेचं पत्र घेऊन येते. तुमचं तुम्हाला, आमचं आम्हाला." माझी घाई मला कळत होती. वही एकदा जुळली की माझी सुटका. सरही तयार होते.

"नगं," अक्का म्हणाल्या.

"नको कसं? तुमचं आहे ते."

"तुमच्या कपाटात ते गप बसून राहतंय. हितं ते कामावर हाय." मग सरांकडं वळून, "फकस्त ह्याची मांडी मोडा. आणि चिठ्ठीवर नाव टाका."

सरांनी पुठ्ठा आणला. अक्षर माझं चांगलं म्हणून मी लिहिलं. अक्का सांगत गेल्या: "बसप्पा मापाडी, उदगीर मोंढा. यांचं माप. देणार, त्यांची लेक शिवकांता." सासरचं आडनाव विचारलं तर म्हणाल्या, "त्याची हितं गरज न्हाई." सरांनी पुठ्ठा खिळ्यानं ठोकला. आम्ही आठच्या गाडीनं निघालो. बसताना अक्का म्हणाल्या, "सुमन, तू खिडकीत बस. येताना उभी होतीस." तोवर मी बाई होते, तुम्ही होते. त्यानंतर कधी झाले नाही. माफ केलं असं त्यांनी कधीच म्हटलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी महेशला सगळं सांगितलं. हे मला त्यांनीच फोनवर ऐकवलं, चांगल्या रागात. "मी म्हणलं, तुझे आजोबा आडते नव्हते, मापाडी होते. तर चहा पीत पीत म्हणतो कसा, 'मग सांगायचं की.' मग सांगायचं की! चाळीस वर्षं मी..." मला हसू आलं होतं, ते दाबलं. थोड्या वेळानं त्याच हसल्या.

नंतरची चार वर्षं दसऱ्याला त्या लातूरला जात. महेश गाडीनं नेऊन आणायचा, कधी मीही असायचे. सरांनी मापाड्याला नवा पाय केला होता, एक गुडघा वर, एक खाली. तो जरा लंगडा दिसतो, पण अक्का म्हणायच्या, बराबर बसलाय. पुढं गुडघे पारच गेले, प्रवास थांबला. मी निवृत्त झाले. शेवटची भेट यंदा उन्हाळ्यात, त्यांच्या घरी. पलंगावर बसून होत्या, बोलणं स्वच्छ होतं. म्हणाल्या, "सुमन, ते दुसरं माप कुठं हाय? सरांचं?" कपाटातच आहे, मी सांगितलं. "दसऱ्याला जाऊन त्याला कुंकू लाव. फळीला नको, त्यालाच लाव. दोन वर्षं त्यानं माझं ऐकून घेतलंय." आता तिथं नवा माणूस आहे, तो कपाट उघडू देईल की नाही हे मला माहीत नव्हतं. मी "लावते" म्हटलं. या दसऱ्याला गेले. त्यानं आधी नियम सांगितला, मग किल्ली दिली. संध्याकाळी फोनवर त्यांना तसं सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "बरं केलंस." त्यानंतर तीन आठवड्यांनी त्या गेल्या.

मुखेडहून परतल्यावर मी महेशच्या घरी गेले. तो दुकानात होता. सून घरी, सुवर्णा, अक्कांना आत्या म्हणणारी, शांत बाई. अक्कांची खोली पाहायला मला नको वाटत होतं, म्हणून मी स्वयंपाकघरातच बसले. ती भाकरीचं पीठ दळायला ज्वारी काढत होती. कोपऱ्यातल्या उंच पत्र्याच्या डब्यात हात घातला आणि तशीच थांबली.

"मावशी, आत्यांनी हा डबा कधी रिकामा होऊ दिला नाही," ती म्हणाली. "नवी ज्वारी आली की तळाला जुनी मूठभर ठेवून वरून ओतायच्या. मी या घरात आले तेव्हापासून बघते. खालची ज्वारी कधीची आहे कुणास ठाऊक. त्यांच्या लग्नातली पण असंल... परवा डबा घासायला काढला होता मी. त्या गेल्यावर सगळं घर धुतलं, तर म्हटलं हाही धुवावा."

"मग?"

"तळाशी मूठभर होती. किडे नव्हते, काही नव्हतं." ती डब्यात वाकून पाहत होती. "ह्यांना विचारलं, टाकू का. ते उठले, दुकानात निघून गेले."

"मग काय केलंस?"

तिनं डब्यातून ज्वारीची ओंजळ वर काढली, सुपात टाकली आणि पाखडायला घेतली.

"वरून ओतली," ती म्हणाली.